चिठ्ठीत विषय येतो, प्रश्न आपण काढायचा

‘संयुक्त राष्ट्रसंघ : काल, आज आणि उद्या’. ‘तिसऱ्या महायुद्धाच्या उंबरठ्यावर जग’. ‘युद्ध नको, बुद्ध हवा’. ‘भारताचे बदलते परराष्ट्र धोरण’. उत्स्फूर्त वक्तृत्वाच्या फेरीत आंतरराष्ट्रीय घडामोडींचा गट असला की चिठ्ठ्या साधारण अशाच निघतात. पाच मिनिटं तयारीला, पाच मिनिटं बोलायला, चौथं मिनिट संपताना पहिली घंटा. काही ठिकाणी तयारीला दहा आणि बोलायला तीनच मिनिटं मिळतात. नियम आधीच विचारून घ्या, कारण पाच मिनिटांच्या भाषणाला कात्री लावून तीन मिनिटांचं भाषण होत नाही. ते वेगळंच बेतावं लागतं.

या चिठ्ठ्यांवरची भाषणं ओळीने ऐकली तर बहुतेक एकाच वळणाने जातात. पहिलं मिनिट सन्माननीय परीक्षक, व्यासपीठ आणि कवितेच्या चार ओळी. दुसऱ्या-तिसऱ्या मिनिटाला १९४५ पासूनचा इतिहास सुरू होतो. घंटा वाजते तेव्हा वक्ता जेमतेम शीतयुद्धापर्यंत पोचलेला असतो. मग धावपळ, ‘वसुधैव कुटुंबकम्’ आणि धन्यवाद. गंमत म्हणजे यात माहिती कमी पडलेली नसते. पेपर वाचलेला असतो, सनावळ्या पाठ असतात. घोटाळा एवढाच की चिठ्ठीवर मथळा असतो, वक्ता मथळ्यावर बोलत राहतो आणि मथळ्याला उत्तर नसतं. उत्तर नाही म्हणजे बाजू नाही. आणि बाजू नसेल तर कुठला मुद्दा घ्यायचा आणि कुठला सोडायचा, हे ठरवायला काही आधारच राहत नाही.

अमेरिकेतल्या शाळांमध्ये या प्रकाराला एक्स्टेम्प म्हणतात. राष्ट्रीय पातळीवर त्यात आंतरराष्ट्रीय विषयांचा गट वेगळा असतो. तीन चिठ्ठ्या उचलायच्या, त्यांतली एक ठेवायची, तीस मिनिटं तयारी आणि सात मिनिटं भाषण. तिथे वेळ जास्त मिळतो हे खरंच, पण मोठा फरक पुढेच आहे. तिथल्या चिठ्ठीवर मथळा नसतो, प्रश्न असतो: अमुक देशाने तमुक करावं का, अमुक करार टिकेल का. अर्धं काम चिठ्ठी लिहिणाऱ्यानेच केलेलं असतं. आपल्याकडे ते वक्त्याला करावं लागतं, तेही पहिल्या मिनिटात. म्हणून सराव करायचा तो आधी याचा.

प्रश्न ढोबळमानाने तीन प्रकारचे निघतात: असं का झालं, काय करायला हवं, पुढे काय होईल. पाच मिनिटांच्या भाषणाला मधला प्रकार सगळ्यात सोयीचा. ‘का झालं’ म्हटलं की इतिहासात पाय रुततो. ‘पुढे काय होईल’ म्हटलं की भविष्य सांगावं लागतं, आणि परीक्षकांतला एखादा त्या विषयातला निघाला तर तो गालात हसतो. ‘काय करायला हवं’ यात मात्र हो किंवा नाही म्हणता येतं, कारणं देता येतात आणि समोरच्या बाजूचाही विचार करता येतो.

‘संयुक्त राष्ट्रसंघ : काल, आज आणि उद्या’ हीच चिठ्ठी घेऊ. यातून काढायचा प्रश्न: सुरक्षा परिषदेत भारताला कायमची जागा मिळाली तर परिषदेचं काम सुधारेल का? आता हाताशी काय आहे ते बघा. परिषदेत १५ सदस्य, त्यांतले ५ कायमचे आणि १० दोन वर्षांसाठी निवडलेले. महत्त्वाच्या ठरावाला ९ मतं लागतात आणि पाच कायम सदस्यांपैकी एकानेही विरोधी मत देऊन चालत नाही (हाच नकाराधिकार). आजवर विस्तार एकदाच झाला, १९६५ मध्ये, ११ चे १५ झाले, आणि तोही कायम नसलेल्या जागांचा. संयुक्त राष्ट्रांची सनद बदलायची तर आमसभेची दोन-तृतीयांश मतं हवीत आणि नंतर तेवढ्याच देशांची मान्यता, ज्यात पाचही कायम सदस्य आलेच पाहिजेत. एवढ्यावर एक धीट उत्तर उभं राहतं: नाही. भारताला जागा मिळणं न्याय्य आहे, प्रतिनिधित्व वाढेल, पण परिषद अडते ती नकाराधिकारामुळे, आणि खुर्च्या वाढवल्याने नकाराधिकार जात नाही. ‘भारताला जागा मिळालीच पाहिजे’ ही घोषणा त्या दिवशी दहा जणांनी दिलेली असणार. ‘जागा हवी, पण तेवढ्याने भागणार नाही’ असं म्हणणारा अकरावा लक्षात राहतो.

प्रश्न चांगला निघाला की नाही ते तपासायला सोपी कसोटी आहे. उत्तर एका वाक्यात सांगता आलं पाहिजे. त्यावर दोन शहाण्या माणसांचं दुमत होऊ शकलं पाहिजे. ‘शांतता हवी का?’ यावर कुणाचंच दुमत नसतं, म्हणून तो प्रश्न बाद. आणि चिठ्ठीतले मुख्य शब्द प्रश्नात आले पाहिजेत, नाहीतर परीक्षक कागदावर ‘विषयांतर’ लिहून मोकळे होतात. भाषणात हा सांधा उघडपणे दाखवायचा: “या विषयात अनेक प्रश्न आहेत. त्यांतला एकच मी घेतो आहे, कारण बाकीचे त्याच्यावर अवलंबून आहेत.”

आता एक चिठ्ठी सुरुवातीपासून शेवटपर्यंत. विषय: ‘लाल समुद्रातील संघर्ष आणि भारत’. तयारी पाच मिनिटं, हातात अर्धा कागद आणि पेन.

पहिल्या मिनिटात प्रश्न. डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेने येमेनमधल्या हुथी बंडखोरांच्या हल्ल्यांपासून जहाजांचं रक्षण करायला बहुराष्ट्रीय नौदल आघाडी जाहीर केली. भारत तिच्यात सामील झाला नाही, पण स्वतःच्या युद्धनौका अरबी समुद्रात आणि एडनच्या आखाताकडे पाठवल्या. म्हणून प्रश्न: आघाडीबाहेर राहून स्वतंत्रपणे नौदल पाठवणं हे भारताचं बरोबर पाऊल होतं का?

दुसऱ्या मिनिटात उत्तर आणि दोन कारणं. उत्तर: हो, पण त्याने एक प्रश्न सुटला नाही. कारण एक: इराण. हुथींच्या पाठीशी इराण, आणि इराणमधल्या चाबहार बंदरातल्या शहीद बेहेश्ती टर्मिनलचं काम डिसेंबर २०१८ पासून भारताकडे होतं. आघाडीत जाऊन ते नातं पणाला लावण्यात शहाणपण नव्हतं. कारण दोन: आघाडीशिवायही नौदलाला काम करता आलं. २६ जानेवारी २०२४ ला एडनच्या आखातात ‘मार्लिन लुआंडा’ या तेलवाहू जहाजावर क्षेपणास्त्र आदळलं, तेव्हा आग विझवायला ‘आयएनएस विशाखापट्टणम’चं पथक गेलं. जहाजावर २२ भारतीय खलाशी होते.

तिसरं आणि चौथं मिनिट तपशील आणि प्रतिवाद यांना. प्रतिवाद असा: वाट मोकळी झाली नाही. १९ नोव्हेंबर २०२३ ला हुथींनी ‘गॅलक्सी लीडर’ हे जहाज ताब्यात घेतल्यानंतरच्या आठवड्यांत बड्या कंपन्यांनी सुएझ सोडून आफ्रिकेच्या दक्षिण टोकाकडून, केप ऑफ गुड होपचा वळसा घेतला. न्हावा शेवाहून युरोपला जाणाऱ्या मालाचे दहा ते पंधरा दिवस वाढले. नेमका जानेवारीत नाशिकच्या द्राक्षांचा निर्यात हंगाम सुरू होतो. रीफर (शीत) कंटेनरमधली द्राक्षं रॉटरडॅमला जास्त दिवसांनी आणि जास्त भाड्याने पोचली. म्हणजे परराष्ट्र धोरण म्हणून पाऊल बरोबर, पण त्याची किंमत निफाड-दिंडोरीच्या बागायतदाराला चुकवावी लागली. महाराष्ट्रातल्या सभागृहात हा तपशील कानावर पडला की शेवटच्या रांगेतला माणूसही वर बघतो. मात्र तो विषयाला लागून आलेला असला पाहिजे. ओढूनताणून आणलेला स्थानिक संदर्भ लगेच कळतो.

पाचवं मिनिट तोंडाला. पहिलं आणि शेवटचं वाक्य पुटपुटून दोनदा म्हणायचं. कागदावर पूर्ण वाक्यं हीच दोन, बाकी नुसते शब्द: ‘चाबहार १८’, ‘मार्लिन २२’, ‘न्हावा शेवा +१०-१५’. पूर्ण वाक्यं लिहिली की डोळे कागदावर खिळतात आणि उत्स्फूर्त भाषणाचं वाचन होऊन जातं.

या विषयात हमखास होणारी एक गल्लत. भारतीय नौदलाची त्या काळातली सगळ्यात गाजलेली कारवाई ‘रुएन’ या जहाजावरची: मार्च २०२४, १७ खलाशांची सुटका, ३५ चाचे शरण, आणि २३ मार्चला ते मुंबईत आणून पोलिसांच्या ताब्यात. हे चाचे सोमाली होते, हुथी नव्हते. समुद्र शेजारचा, काळ तोच, पण माणसं वेगळी आणि त्यांचे हेतूही वेगळे. चाच्यांना खंडणी हवी होती, हुथी आपली मोहीम गाझाच्या युद्धाशी जोडत होते. ‘हुथी चाचे’ असा शब्द तोंडातून गेला की जाणकार परीक्षकाचा विश्वास उडतो, आणि पुढचे बरोबर तपशीलही त्याला शंकास्पद वाटायला लागतात.

पाच मिनिटांची वाटणी साधारण अशी धरा: सुरुवात आणि प्रश्न ४० सेकंद, पहिलं कारण ९०, दुसरं ९०, प्रतिवाद ५०, शेवट ३०. व्यासपीठावर स्वच्छ मराठी बोललं तर मिनिटाला ११०-१२० शब्द होतात. म्हणजे सगळं मिळून साडेपाचशे-सहाशे शब्द. हा हिशेब एकदा डोक्यात बसला की चार कारणं सांगायचा मोह आपोआप जातो. प्रतिवाद वगळायचा मोह मात्र जात नाही, कारण त्याने आपली बाजू दुबळी होईल असं वाटतं. उलट आहे. आंतरराष्ट्रीय विषयात परीक्षक त्याच जागेची वाट बघत असतात.

आता चिठ्ठी उघडण्याआधीची तयारी. उत्स्फूर्त फेरीत विषय अचानक येतो, माहिती अचानक येत नाही. दर विषयाला ए-फोर आकाराचा एक कागद, एकाच बाजूला लिहिलेला. वर तारीख, कोपऱ्यात हाताने काढलेला नकाशा, मग चार-पाच सनावळ्या, दोन-तीन माणसं आणि त्यांची पदं, दोन आकडे, आणि खाली दोन परस्परविरोधी मतं, प्रत्येकी एका वाक्यात. शेवटचा भाग लिहायला सगळ्यात कंटाळा येतो आणि व्यासपीठावर तोच सगळ्यात उपयोगी पडतो. सुरुवातीला बारा कागद पुरे: रशिया-युक्रेन, इस्रायल-गाझा-इराण, तैवान आणि दक्षिण चीन समुद्र, अमेरिकेची आयातशुल्कं, सुरक्षा परिषद आणि दोन न्यायालयं, नाटो आणि युरोपीय संघ, ब्रिक्स आणि जी-२०, सुदान आणि साहेल (सहारा वाळवंटाच्या दक्षिणेचा पट्टा), बांगलादेश-म्यानमार, श्रीलंका-मालदीव-नेपाळ, अफगाणिस्तान-पाकिस्तान, हवामान परिषदा. बहुतेक चिठ्ठ्या यांतल्या एका किंवा दोन कागदांवर येऊन पडतात.

कागदावरच्या काही गोष्टी टिकतात, काही नासतात. भूगोल, करार आणि सनावळ्या टिकतात. पदांवरची माणसं, सदस्यसंख्या आणि मृतांचे आकडे नासतात. नाटो वर्षानुवर्षं ३० देशांचं म्हणून पाठ केलेलं असतं. एप्रिल २०२३ मध्ये फिनलंड आणि मार्च २०२४ मध्ये स्वीडन आल्यावर ते ३२ झालं. ब्रिक्समध्ये जानेवारी २०२४ पासून इजिप्त, इथिओपिया, इराण आणि संयुक्त अरब अमिराती आले, जानेवारी २०२५ मध्ये इंडोनेशिया. सुरक्षा परिषदेचे निवडलेले पाच सदस्य दर १ जानेवारीला बदलतात. नासणाऱ्या गोष्टी पेन्सिलीने लिहायच्या आणि महिन्यातून एकदा त्याच तेवढ्या तपासायच्या. बाकी कागद परत लिहायची गरज नसते.

माहिती कुठून घ्यायची? मराठी पेपरांचं आंतरराष्ट्रीय पान बातमीपुरतं ठीक. कारणमीमांसेसाठी ‘लोकसत्ता’तलं ‘विश्लेषण’ सदर या कामाला फार सोयीचं, कारण ते बहुतेकदा प्रश्नांच्याच रूपात असतं. भारताची अधिकृत भूमिका पेपरातून घेण्यापेक्षा परराष्ट्र मंत्रालयाच्या साप्ताहिक पत्रकार परिषदेचा मजकूर त्यांच्या संकेतस्थळावर वाचा. ‘भारताने निषेध केला’ आणि ‘भारताने चिंता व्यक्त केली’ यांत किती अंतर आहे ते तिथे दिसतं. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनवरच्या ठरावावर सुरक्षा परिषदेत भारत तटस्थ राहिला. ‘भारताने रशियाला पाठिंबा दिला’ असं म्हणणारे आणि ‘भारताने युद्धाला विरोध केला’ असं म्हणणारे, दोघेही चुकतात. मत न देण्याची कारणं सांगणारं निवेदन वाचलं असेल तरच तिसरं, बरोबर वाक्य सुचतं.

नकाशाचा सराव बहुतेक जण करत नाहीत, आणि चुका तिथेच उघड्या पडतात. इराणला अरब देश म्हटलं जातं. नायजर आणि नायजेरिया एक होतात: जुलै २०२३ मधला लष्करी उठाव नायजरमध्ये झाला. हुथी इराणमध्ये राहतात असं समजून बोलणारेही भेटतात, ते येमेनमधले. यावरचा उपाय म्हणजे पाच कोरे नकाशे: इराणचं आखात, भूमध्य समुद्राचा पूर्व किनारा, काळा समुद्र, दक्षिण चीन समुद्र आणि साहेल. दोन मिनिटांत आठवणीतून काढायचे, मग ॲटलासशी ताडून लाल पेनने दुरुस्त करायचे. चित्र सुबक नसलं तरी चालेल, पण कोण कुणाच्या शेजारी आणि समुद्र कुठल्या बाजूला, हे पक्कं हवं.

अंतरं ओळखीच्या मापात सांगता आली तर आणखी बरं. इराण आणि ओमान यांच्यामधली होर्मुझची सामुद्रधुनी सगळ्यात अरुंद जागी सुमारे ३३ किलोमीटर, म्हणजे चर्चगेट ते बोरिवली एवढीच. २०२४ मध्ये त्यातून रोज सुमारे २ कोटी पिंप तेल जात होतं, जगाच्या खपाचा साधारण पाचवा हिस्सा. गाझा पट्टी ३६५ चौरस किलोमीटर, बृहन्मुंबईहून लहान. हे सांगितलं की आकडा ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर येतो.

आकड्यांवरून आठवलं. परदेशी आकडे मिलियन-बिलियनमध्ये वाचलेले असतात आणि बोलताना लाख-कोटींत आणायचे असतात. व्यासपीठावर हे गणित हमखास चुकतं आणि शंभरपटीने चुकतं. मिलियन म्हणजे दहा लाख, बिलियन म्हणजे शंभर कोटी किंवा एक अब्ज, ट्रिलियन म्हणजे एक लाख कोटी. सराव असा: दहा आकडे इंग्रजी पद्धतीने लिहा आणि न थांबता मोठ्याने मराठीत म्हणा. दीडशे बिलियन म्हणजे पंधरा हजार कोटी. वीस मिलियन म्हणजे दोन कोटी. आठवडाभर रोज दोन मिनिटं केलं की जीभ अडखळत नाही. तरीही भाषणात दोनापेक्षा जास्त आकडे नकोत. तिसरा आकडा आला की पहिला विसरला जातो. आणि युद्धातले मृतांचे आकडे नेहमी कुणाच्या नावावर सांगायचे: ‘गाझाच्या आरोग्य मंत्रालयाच्या म्हणण्यानुसार’, ‘संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजाप्रमाणे’. आकडा वादात असतो तेव्हा आपण त्याची जबाबदारी घ्यायची नाही.

नावांचंही थोडं. तुर्कीच्या अध्यक्षांचं आडनाव एर्दोआन, त्यातला ‘ग’ उच्चारत नाहीत. चीन आणि कोरियात आडनाव आधी येतं, म्हणून ‘अध्यक्ष शी’, ‘अध्यक्ष जिनपिंग’ नव्हे. हेगमधली दोन न्यायालयं हा आणखी एक सापळा. आंतरराष्ट्रीय न्यायालय देशांमधले दावे चालवतं, आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय व्यक्तींवर खटले. लक्षात ठेवायला मराठी माणसाला कुलभूषण जाधव यांचं प्रकरण पुरे. तो दावा भारत विरुद्ध पाकिस्तान होता, म्हणून पहिल्या न्यायालयात, निकाल १७ जुलै २०१९. पुतिन (२०२३) आणि नेतान्याहू (२०२४) यांच्यावरची अटक वॉरंटं दुसऱ्या न्यायालयाची, आणि भारत त्या दुसऱ्याचा सदस्य नाही.

बोलण्याचा सराव हा बोलूनच होतो. मनातल्या मनात म्हटलेलं भाषण नेहमी छान असतं. रोजची वीस-पंचवीस मिनिटं अशी लावता येतील. आधी दहा चिठ्ठ्या काढायच्या आणि प्रत्येकीवर फक्त प्रश्न आणि पहिली दोन वाक्यं मोठ्याने बोलायची. चिठ्ठीला तीस सेकंद विचार, वीस सेकंद बोलणं, आठ-नऊ मिनिटांत दहा होतात. सगळ्यात जास्त फरक या खेळाने पडतो, कारण स्पर्धेत सगळ्यात जास्त घाम याच टप्प्यावर फुटतो. मग त्यांतली एक घेऊन पाच मिनिटं तयारी आणि पूर्ण भाषण, फोनवर रेकॉर्ड करून. उरलेल्या वेळात रेकॉर्डिंग ऐकायचं, पण सगळ्या चुका एकदम शोधायच्या नाहीत. एका दिवशी फक्त भरतीचे शब्द मोजा. मराठी व्यासपीठाचे नेहमीचे गुन्हेगार ठरलेले आहेत: ‘या ठिकाणी’, ‘कुठेतरी’, ‘निश्चितपणे’, ‘जे आहे ते’. ‘या ठिकाणी युक्रेनच्या ठिकाणी जे युद्ध आहे’ हे वाक्य कानाने एकदा ऐकलं की सवय लवकर सुटते. दुसऱ्या दिवशी फक्त घड्याळ बघा: पहिलं कारण किती सेकंदांनी सुरू झालं? एक मिनिटाच्या पुढे गेलं असेल तर प्रस्तावना लांबली आहे.

आठवड्यातून एकदा तीच चिठ्ठी उलट्या बाजूने बोला. काल ‘नाही’ म्हटलं असेल तर आज ‘हो’. प्रतिवादाचे पन्नास सेकंद खरे वाटायला लागतात ते यामुळे. एरवी समोरच्याचा मुद्दा मुद्दाम लेचापेचा करून मांडायची खोड लागते.

चिठ्ठ्या स्वतः लिहू नयेत. आपण नकळत आपल्याला येणाऱ्याच लिहितो. दोघा-तिघांनी मिळून दर रविवारी आठवड्याच्या बातम्यांतून दहा-दहा लिहायच्या आणि अदलाबदल करायची. एक बोलताना दुसऱ्याने घंटा सांभाळायची आणि शेवटी एकच प्रश्न विचारायचा: “मग तुझं उत्तर काय?” ऐकणाऱ्याला हे विचारावं लागलं, तर भाषणात उत्तर आलं नव्हतं.

राहिली न येणारी चिठ्ठी. समजा ‘नागोर्नो-काराबाख’ निघालं आणि नावापलीकडे फारसं आठवत नाही. बदलून मिळत असेल तर बिनदिक्कत बदला. मिळत नसेल तर आठवणाऱ्या एकाच खऱ्या गोष्टीवर प्रश्न बांधायचा. सप्टेंबर २०२३ मध्ये अझरबैजानने आर्मेनियाशी वाद असलेला तो प्रदेश ताब्यात घेतला आणि लाखभर आर्मेनियन लोक घरं सोडून गेले, एवढं आठवलं तरी ‘गोठलेला वाद जग विसरलं की तो सुटतो का?’ असा प्रश्न निघतो. भारताने आर्मेनियाला ‘पिनाका’ रॉकेट प्रणाली विकली आहे हे माहीत असेल तर आणखी चांगला निघतो: दूरच्या वादात शस्त्रं विकून भारत बाजू घेतो आहे का? पिनाका विकसित केली ती पुण्यातल्या पाषाणच्या ‘एआरडीई’ या संरक्षण संशोधन संस्थेने, म्हणजे पुण्याच्या सभागृहात पहिलं वाक्यही मिळालं. जे करायचं नाही ते म्हणजे रिकामी जागा कल्पनेने भरणं. न आठवणारी तारीख ‘अलीकडच्या काळात’ म्हणून निभावते, चुकीची तारीख निभावत नाही.

कविता आणि सुभाषितांबद्दल माझं मत थोडं कडू आहे. आंतरराष्ट्रीय विषयावर सुरुवातीच्या चाळीस सेकंदांत कविता म्हणजे प्रश्नाची जागा गेली. अवतरण द्यायचंच असेल तर ज्याचा विषयाशी थेट संबंध आहे अशा माणसाचं द्या, आणि शब्द नक्की पाठ असतील तरच. गांधी, बुद्ध आणि विवेकानंद यांच्या नावावर त्यांनी कधी न उच्चारलेली वाक्यं इतकी खपतात की परीक्षक आता सावध झाले आहेत.

दुसरं कारण अर्ध्यावर असताना घंटा वाजली तर? ते वाक्य पूर्ण करा, प्रतिवाद सोडा आणि थेट शेवटच्या वाक्यावर जा. ते पाठ आहेच. उरलेले मुद्दे भराभर मोजून दाखवू नका. वेळ उलटल्याचे गुण कापले जातात, आणि मोजून दाखवलेल्या मुद्द्याला गुण मिळत नाहीत.

सरावाला काही चिठ्ठ्या, मुद्दाम मथळ्याच्याच रूपात. प्रश्न तुम्ही काढायचा आहे. ‘शेजारधर्म आणि कांदा’ (डिसेंबर २०२३ ची निर्यातबंदी आणि बांगलादेशाची बाजारपेठ आठवा). ‘हंबनटोटा : ९९ वर्षे’ (श्रीलंकेतलं बंदर). ‘नेपाळमधली तरुणाई’. ‘तैवान आणि तुमचा मोबाइल’. ‘रोहिंग्या : कुणाचे?’. ‘आफ्रिकी संघ जी-२० मध्ये’. ‘स्वस्त तेल, महाग मैत्री’. आणि ‘युद्ध नको, बुद्ध हवा’ हीसुद्धा ठेवा. ती आज ना उद्या निघतेच, आणि यातून हो-नाहीचा प्रश्न काढणं या सगळ्यांत अवघड आहे.